निदेल्वाच्या काठचं ट्रॉनहाइम: एका नदीबंदराच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेची सहल म्हटली की ऑस्लो, बर्गन आणि फ्योर्डमधली, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यातली, बोट एवढंच डोळ्यांपुढे येतं. ट्रॉनहाइमपर्यंत जाणारे थोडे. जे जातात तेही बहुतेक कॅथेड्रल बघतात, जुन्या पुलावर उभं राहून फोटो काढतात आणि पुढच्या गाडीला लागतात. पण हे शहर उभं राहिलं ते त्या पुलाखालच्या पाण्यामुळे. म्हणून इथली बहुतेक उत्तरं फिरून फिरून नदीपाशीच येतात.

ट्रॉनहाइम नेमकं कुठे आहे? ते समुद्रकाठचं शहर की नदीकाठचं?

दोन्ही, पण आधी नदीकाठचं. ऑस्लोहून रेल्वेनं उत्तरेला साडेसहा-सात तास गेलं की ट्रॉनहाइम येतं. सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या ट्रॉनहाइम फ्योर्डच्या दक्षिण किनाऱ्यावर ते वसलं आहे. मोकळा समुद्र तिथून बराच लांब. सेल्बू तलावातून निघालेली निद नदी जेमतेम तीस किलोमीटर वाहून इथे फ्योर्डला मिळते आणि मिळण्याआधी एक मोठा वळसा घालते. जुनं शहर या वळशाच्या पोटात आहे. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला नदी, उत्तरेला फ्योर्ड, आणि पश्चिमेला तेवढी एक चिंचोळी जमीन.

हजार वर्षांपूर्वी जागा निवडणाऱ्याला याहून जास्त काय हवं होतं? तीन बाजूंना पाणी असल्यामुळे शत्रूसाठी डोळ्यांत तेल घालून राखायची बाजू एकच. वादळ-वारा काय तो फ्योर्डात. जहाज नदीत शिरलं की शांत पाण्यात उभं. नॉर्वेजियन भाषेत 'एल्वा' म्हणजेच नदी, त्यामुळे 'निदेल्वा' म्हटलं की 'निद नदी' असं म्हणून झालेलं असतं.

नाव ट्रॉनहाइम, ट्रोंडहाइम, ट्रॉन्येम की निदारोस?

लिहिताना मधे 'ड' आहे, पण बोलताना तो उच्चारत नाहीत, म्हणून ट्रॉनहाइम. मुळात हे शहराचं नावच नव्हतं, ते साऱ्या मुलखाचं नाव होतं. जुन्या काळी शहराला लोक नुसतं 'काउपांग' म्हणत, म्हणजे बाजारपेठ. आपल्याकडे कितीतरी गावांत एखादा भाग नुसता 'पेठ' म्हणून ओळखला जातो, तसंच. 'निदारोस' हे नावही जुनंच, आणि त्याचा अर्थ सरळ आहे: निदचं मुख. 'ओस' म्हणजे नदी जिथे समुद्राला मिळते ती जागा.

डेन्मार्कच्या अंमलात 'ट्रॉन्येम' हे डॅनिश वळणाचं रूप रुळलं. नॉर्वे स्वतंत्र झाल्यावर डॅनिश ठसे पुसायची लाट आली आणि १ जानेवारी १९३० पासून सरकारनं शहराचं नाव 'निदारोस' करून टाकलं. हेतू चांगला असला तरी शहरातल्या माणसांना ते मुळीच मानवलं नाही. नाव बदलण्याआधी घेतलेल्या मतदानात प्रचंड बहुमत जुन्या नावाच्या बाजूनं पडलं होतं. मोर्चे निघाले, निषेध झाला, आणि मार्च १९३१ मध्ये तडजोड म्हणून 'ट्रॉनहाइम' हे रूप ठरलं. म्हणजे निदारोस हे अधिकृत नाव सव्वा वर्षही टिकलं नाही. पण बिशपच्या अधिकारक्षेत्राला आणि कॅथेड्रलला ते नाव आजही आहे, आणि ते तिथे शोभतं.

शहर ९९७ साली वसलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं मानायचं का?

९९७ हे साल सागांमधून, म्हणजे नॉर्स लोकांच्या जुन्या गद्यकथांमधून येतं. राजा ओलाव त्रिग्वासोन यानं निदच्या मुखाशी बाजारपेठ वसवली आणि लोकांना घरं बांधायला जागा दिल्या, असं त्या सांगतात. त्यानं आपला वाडा बांधला तो 'स्किपाक्रोक' या जागेजवळ. स्किपाक्रोक म्हणजे जहाजांचं वळण, नदीच्या बाकात जहाजं लागत ती जागा. गावाच्या पहिल्याच वर्णनात बंदर येतं, ते असं.

कथा बाजूला ठेवल्या तरी पुरावा उरतो. १९७० आणि ८० च्या दशकांत आजच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या जागेवर मोठं उत्खनन झालं, आणि तिथे दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाणारे वस्तीचे थर सापडले. घरांचे अरुंद, लांबट भूखंड ओळीनं नदीकडे उतरत गेले होते. पुढे रस्ता, मागे नदी, आणि प्रत्येकाला पाण्याचा आपापला तुकडा. हा नकाशा लक्षात ठेवा, वखारींच्या प्रश्नात तो पुन्हा येईल. त्या ग्रंथालयात गेलात तर मध्ययुगीन चर्चचे अवशेष आतच जपलेले दिसतात.

त्याआधी इथे काहीच नव्हतं असंही नाही. नदीच्या मुखापासून जवळच पूर्वेला 'लादे' इथे बलाढ्य सरदारांचं ठाणं होतं. आणि मुखाशी साचलेल्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यावर 'ओयरातिंग' ही सभा भरायची. नव्या राजाला 'हा आमचा राजा' असं जाहीरपणे मानण्याचा मान या सभेकडे होता. देशाचा राजा नदीच्या वाळूवर ठरायचा.

ओलाव नावाचे दोन राजे आहेत का? फार गोंधळ होतो.

होतोच, कारण दोघांच्यात वीसएक वर्षांचंच अंतर आहे. चौकातल्या उंच खांबावर उभा आहे तो शहर वसवणारा ओलाव त्रिग्वासोन. १९२१ साली बसवलेला तो पुतळा सूर्यघड्याळाचं कामही करतो. खांबाची सावली खालच्या फरसबंदीवर वेळ दाखवते. कॅथेड्रल ज्याच्यामुळे उभं राहिलं तो दुसरा, ओलाव हाराल्दसोन, म्हणजेच संत ओलाव.

हा दुसरा ओलाव २९ जुलै १०३० रोजी स्तिक्लेस्तादच्या लढाईत मारला गेला, आणि तेही परक्यांकडून नव्हे, आपल्याच मुलखातल्या सरदार-शेतकऱ्यांकडून. सागा सांगते की त्याचं प्रेत लपवून, बोटीतून फ्योर्डमार्गे निदारोसला आणलं आणि शहराच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या वाळूत गुपचूप पुरलं. वर्षभरानं, ऑगस्ट १०३१ मध्ये, ते उकरलं तेव्हा केस आणि नखं वाढलेली दिसली असं म्हणतात, आणि बिशप ग्रिमकेलनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. ज्या जागी पुरलं होतं तिथे झरा फुटल्याचीही कथा आहे. आजच्या कॅथेड्रलच्या पूर्वेकडच्या अष्टकोनी भागात एक जुनी विहीर आहे, ती ओलावची विहीर म्हणून दाखवतात. एवढ्या मोठ्या दगडी इमारतीत, एका कोपऱ्यात, नदीकाठच्या जमिनीतलं पाणी. मला कॅथेड्रलमधली सगळ्यात बोलकी जागा तीच वाटते.

एका थडग्यामुळे शहर एवढं मोठं झालं?

थडग्यामुळे यात्रेकरू आले आणि यात्रेकरूंमुळे पैसा आला. सुमारे १०७० मध्ये राजा ओलाव क्युरे यानं थडग्याच्या जागी दगडी चर्च सुरू केलं. ११५२-५३ मध्ये पोपचा दूत म्हणून कार्डिनल निकोलस ब्रेकस्पिअर आला आणि निदारोसला आर्चबिशपचं पीठ मिळालं. हाच ब्रेकस्पिअर पुढे पोप एड्रियन चौथा झाला, आजवरचा एकमेव इंग्रज पोप. निदारोसच्या आर्चबिशपचा अधिकार नॉर्वेपुरता नव्हता. आइसलँड, ग्रीनलँड, फॅरो, ऑर्कनी, शेटलँड, हेब्रिडीज आणि आइल ऑफ मॅन एवढा पसारा त्याच्या हाताखाली होता. नकाशा काढून बघा: सगळी बेटं, सगळा समुद्र. अशा धर्मप्रांताचा कारभार जहाजांशिवाय चालूच शकत नाही, म्हणून त्याचं केंद्र बंदरातच हवं.

आर्चबिशप स्वतःही मोठा व्यापारी होता, हे पर्यटकांना सहसा कोणी सांगत नाही. मुख्य माल म्हणजे उत्तरेकडचा सुका कॉड. मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगून, थंड वाऱ्यात वाळवलेला. आपल्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तसं दृश्य, फक्त मासा मोठा आणि उन्हाऐवजी गारठा. कॅथलिक युरोपात उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य पण मासा चालायचा, आणि असे दिवस वर्षात पुष्कळ. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या या माशाला त्यामुळे मरण नव्हतं. आर्चबिशपच्या वाड्यात स्वतःची टांकसाळसुद्धा होती. तिचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. मात्र माशांच्या व्यापाराचा मोठा ओघ पुढे बर्गनकडे आणि तिथल्या हॅन्सा या जर्मन व्यापारी संघाच्या लोकांकडे वळला, आणि ट्रॉनहाइम त्या शर्यतीत मागे पडलं.

१५३७ मध्ये काय झालं?

धर्मसुधारणेची, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाची, लाट डेन्मार्कमार्गे नॉर्वेवर आली. शेवटचा आर्चबिशप ओलाव एंगेलब्रेक्तसोन एप्रिल १५३७ मध्ये जहाजात बसून शहर सोडून गेला, आणि पुढच्याच वर्षी ब्राबांतमधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या, लिअर गावी वारला. संत ओलावच्या पेटीवरचं चांदी-जडजवाहीर कोपनहेगनला नेऊन वितळवलं. शरीर मागे राहिलं, ते १५६८ मध्ये कॅथेड्रलमध्ये कुठेतरी मातीखाली बुजवून टाकलं. नेमकी जागा पुढे विसरली गेली. यात्रा थांबली. ज्या शहराचं पोट यात्रेकरूंवर होतं त्याला आता व्यापाराशिवाय दुसरा आधार उरला नाही.

कॅथेड्रलची दशाही वाईट झाली. ते १३२८, १४३२, १५३१, १७०८ आणि १७१९ असं पाच वेळा जळलं, आणि १५३१ नंतर त्याचा पश्चिमेकडचा भाग कित्येक पिढ्या छपराविना पडून होता. जीर्णोद्धार १८६९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये पूर्ण झाल्याचं मानलं गेलं. १३२ वर्षं! आज पश्चिमेकडची पुतळ्यांनी भरलेली भिंत बघताना तिचा बराचसा भाग विसाव्या शतकातल्या पाथरवटांच्या हातचा आहे, हे माहीत असावं. त्यानं तिची किंमत कमी होत नाही. उलट एवढ्या पिढ्यांनी हातोडा-छिन्नी खाली ठेवली नाही याचं मोल मला जास्त वाटतं.

शहर कितीदा जळलं?

मोजायला बसलं तर यादी लांबते: १६५१, १६८१, १७०८, १८४१, १८४२, आणि मधल्या कितीतरी. लाकडाचं शहर, अरुंद गल्ल्या, चुली आणि मेणबत्त्या. वारा सुटला की संपलं.

यातली एप्रिल १६८१ ची आग सगळ्यात महत्त्वाची, कारण आजचं शहर तिच्या राखेतून निघालं. होर्नेमान या व्यापारी घराण्याच्या नावानं ती ओळखली जाते. आगीनंतर राजानं लक्झेंबर्गमध्ये जन्मलेल्या योहान कास्पर द सिसिन्योन या लष्करी अभियंत्याला नव्यानं शहर आखायला सांगितलं. त्यानं रुंद, सरळ रस्ते काढले, म्हणजे आग एका बाजूनं दुसरीकडे उडी मारणार नाही. मुंकेगाता हा मुख्य रस्ता त्यानं असा आखला की एका टोकाला कॅथेड्रल आणि दुसऱ्या टोकाला थेट फ्योर्डातलं मुंकहोल्मेन बेट दिसावं. आजही चौकात उभं राहिलं की दोन्हीकडे नजर जाते.

पण सिसिन्योनचे रस्ते पूर्ण शहरावर चढले नाहीत. भूखंडांचे मालक, जुन्या भिंतींचे पाये, सवयीची वाट, हे सगळं मधे आलं. त्यामुळे रुंद रस्त्यांच्या मधोमध मध्ययुगीन बोळ तसेच राहिले. त्यांना 'वाइते' म्हणतात. एका मिनिटात प्रशस्त रस्त्यावरून दोन माणसं जेमतेम जातील अशा बोळात शिरता येतं. १८४० च्या दशकातल्या आगींनंतर मध्य भागात विटांचं बांधकाम सक्तीचं झालं आणि तिथून शहराचा चेहरा हळूहळू बदलला.

नदीकाठी रंगीत लाकडी घरांची रांग दिसते, तिथे कोण राहत होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर असं की तिथे माणसं राहत नव्हती, माल राहत होता. त्या वखारी आहेत. नॉर्वेजियनमध्ये 'ब्रिग्गे'. कोकण किनाऱ्यावर डच आणि इंग्रजांच्या वखारींचा इतिहास वाचलेल्यांना हा शब्द परका वाटणार नाही.

शोपमन्सगाता, म्हणजे व्यापाऱ्यांचा रस्ता, नदीला समांतर जातो. रस्त्याच्या एका बाजूला व्यापाऱ्याचं घर, दुसऱ्या बाजूला नदीला टेकून त्याची वखार. एकाच माणसाच्या मालकीचा हा पट्टा घरापासून पाण्यापर्यंत. उत्खननात सापडलेले नदीकडे उतरणारे ते अरुंद भूखंड आठवा: शतकं उलटली, आगी लागल्या, तरी काठावर राहायची रीत तीच राहिली.

वखार नीट बघायची तर रस्त्यावरून नाही, समोरच्या काठावरून किंवा पुलावरून बघा. रस्त्याकडे तिची अरुंद, सभ्य बाजू असते. खरं तोंड नदीकडे. इमारतीचा अर्धा भार पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर आहे. हे खांब भरतीच्या रेषेपर्यंत काळे-हिरवे, त्यावर करडे. वर मजल्यामागून मजला, आणि प्रत्येक मजल्याला नदीकडे उघडणारं दार, ज्याच्यापुढे ना जिना ना सज्जा, सरळ खाली पाणी. छपराच्या टोकाशी बाहेर आलेली तुळई, तिला कप्पी. शिडाचं जहाज किंवा होडी खाली लागली की दोर सोडायचा, पोतं किंवा पिंप बांधायचं, आणि हव्या त्या मजल्यावर ओढून घ्यायचं. हमालाला एक पायरी चढायला नको. फ्योर्डात भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, त्यामुळे होडी कधी खालच्या मजल्याजवळ, तर कधी बरीच खाली. कप्पीला त्यानं फरक पडत नाही.

आज उभ्या असलेल्या जुन्यातल्या जुन्या वखारी अठराव्या शतकातल्या, कारण त्याआधीच्या जळून गेल्या. लाल, पिवळा, गेरूचा, हिरवा असे रंग आता जपले जातात, आणि आत कचेऱ्या, उपाहारगृहं, घरं आहेत. लाकडी इमारत पाण्यात उभी ठेवणं सोपं नाही; खांब कुजतात, जमीन खचते. रांगेतल्या काही इमारती वाकलेल्या दिसतात त्या उगाच नाहीत.

या वखारींमधून नेमका कुठला माल जायचा?

तीन गोष्टी मोठ्या: मासे, लाकूड आणि तांबं. आत यायचं ते मुख्यतः धान्य, कारण एवढ्या उत्तरेला ते पुरेसं पिकत नाही; शिवाय मीठ, कापड, वाइन.

तांब्याची गोष्ट मला फार आवडते. रोरोसच्या डोंगराळ पठारावर १६४४ मध्ये तांब्याचा कारखाना सुरू झाला आणि तो थेट १९७७ पर्यंत चालला. रोरोस ते ट्रॉनहाइम सुमारे १५० किलोमीटर. उन्हाळ्यात दलदली आणि खडक यांतून गाडी जाणं महाकठीण. मग हिवाळ्याची वाट बघायची. तळी गोठली, दलदल टणक झाली की घोड्यांच्या घसरगाड्यांचे तांडे निघत, तांबं खाली आणत आणि धान्य वर नेत. ट्रॉनहाइमचे व्यापारी दोन्हीकडून कमावत: खाणीला धान्य पुरवणारेही तेच, तांबं परदेशी पाठवणारेही तेच, आणि बऱ्याचदा कारखान्याचे भागीदारही तेच. कामगाराच्या वाट्याला त्यातलं किती आलं याचा अंदाज करणं अवघड नाही.

या व्यापाऱ्यांतले बरेच सतराव्या शतकात बाहेरून आलेले, विशेषतः आजच्या जर्मनीतल्या फ्लेन्सबर्ग आणि त्याच्या परिसरातून. होर्नेमान तिकडचेच आणि अँगेलही. टोमास अँगेल हा अविवाहित व्यापारी १७६७ मध्ये वारला तेव्हा त्यानं आपली अफाट संपत्ती शहरातल्या गोरगरिबांसाठी ठेवली. त्याच्या नावानं चालणारी संस्था आजही आहे. आणि चेसिलिए क्रिस्तिने शोलर या श्रीमंत विधवेनं १७७० च्या दशकात बांधलेला लाकडी वाडा, स्तिफ्ट्सगोर्डेन, आज राजघराण्याचं ट्रॉनहाइममधलं निवासस्थान आहे. खोल्या १४०, सगळं लाकूड.

शहर कधी स्वीडनच्या ताब्यात होतं का?

हो, थोडे महिने. १६५८ च्या रोस्किल्डे तहात डेन्मार्कच्या राजानं ट्रॉनहाइमचा सारा मुलूख स्वीडनला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो परत जिंकला गेला. पण एक गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती: हा पट्टा गेला तर नॉर्वेचे दोन तुकडे होतात. म्हणून १६८१ च्या आगीनंतर सिसिन्योननं रस्त्यांबरोबर नदीपलीकडच्या टेकडीवर क्रिस्तियानस्तेन किल्लाही आखला. नदीचा वळसा पाय रोखतो, पण टेकडीवर लावलेली तोफ रोखू शकत नाही, हे त्याला दिसलं होतं.

१७१८ मध्ये किल्ल्याची परीक्षा झाली. सेनापती आर्मफेल्टच्या स्वीडिश फौजेनं शहर वेढलं, पण घेता आलं नाही. दक्षिणेत स्वीडनचा राजा कार्ल बारावा मारला गेल्याची बातमी आली आणि फौज तिदालच्या डोंगरातून परत फिरली. १७१९ च्या वर्षारंभी हिमवादळानं तिला गाठलं. सुमारे तीन हजार माणसं थंडीनं मेली.

जुना पूल किती जुना?

'गाम्ले बिब्रू' म्हणतात तो. पहिला पूल १६८५ चा, शहर आणि नवा किल्ला जोडायला. मधे लोखंडी फाटक, दोन्ही टोकांना पहाऱ्याची आणि जकातीची घरं. पश्चिमेकडचं घर अजून उभं आहे. आता दिसणारा लाल कमानींचा पूल १८६१ चा.

मग बंदर नदीतून गेलं कुठे?

जहाजं मोठी झाली आणि नदी तेवढीच राहिली. नदी गाळ आणते, मुखाशी वाळूचे दांडे साचतात. शिडाच्या लहान जहाजांना ते चालायचं, वाफेच्या जहाजांना नाही. त्यात रेल्वे आली. १८६४ मध्ये श्तोरेनपर्यंत, १८७७ मध्ये रोरोसमार्गे दक्षिणेशी, आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनशी जोडणी झाली. रूळ आणि धक्का एकमेकांशेजारी हवे होते. त्यासाठी मुखाजवळच्या ब्रात्तोरा या वाळूच्या पट्ट्यावर भर घालून नवं बंदर आणि नवं स्टेशन उभारलं, आणि जुन्या शहराच्या उत्तरेला कालवा काढला.

जुन्या, १८६४ च्या स्टेशनाचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. गाड्या बंद झाल्यावर ती इमारत ज्यू समाजाकडे आली आणि १९२५ मध्ये तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सुरू झालं, जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या सिनेगॉगांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कब्ज्यात सैनिकांनी ते बळकावलं. १९४२ मध्ये शहरातल्या ज्यूंची धरपकड झाली. ऑशविट्झला पाठवलेल्यांतले जवळजवळ कोणीच परतले नाहीत. युद्धानंतर उरलेल्यांनी सिनेगॉग पुन्हा उघडलं.

किनाऱ्याकिनाऱ्यानं टपाल आणि प्रवासी नेणाऱ्या हुर्टिगरुटन बोटी इथूनच सुरू झाल्या का?

हो. २ जुलै १८९३ रोजी कॅप्टन रिकार्ड विथची 'वेस्तेरोलेन' ही बोट ट्रॉनहाइमहून निघाली आणि ६७ तासांत थेट उत्तरेकडच्या हामरफेस्टला पोचली. त्याआधी तिकडे पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, हिवाळ्यात पाच महिनेसुद्धा. उत्तरेकडच्या एखाद्या बेटावरच्या आईला मुलाचं पत्र आठवड्याच्या आत मिळणं म्हणजे काय, ते यावरून कळतं.

डोरा म्हणजे काय?

मुखाच्या पूर्वेला न्यूहाव्ना या भागात जर्मनांनी बांधलेला पाणबुड्यांचा काँक्रीटचा कोठार. ९ एप्रिल १९४० ला शहर पडलं; डोराचं काम १९४१ मध्ये सुरू झालं आणि १९४३ मध्ये वापर सुरू झाला. छप्पर साडेतीन मीटर जाड. सोव्हिएत युद्धकैद्यांसह कितीतरी माणसांना वेठीला धरून तो बांधून घेतला. युद्धानंतर तो उडवून देणं शेजारच्या वस्तीला धोक्याचं ठरलं असतं, म्हणून तसाच ठेवला. आता त्या जाड भिंतींच्या आत शहराची आणि प्रांताची दप्तरं जपलेली आहेत. वेठबिगारांच्या हातून उभ्या राहिलेल्या भिंती आज लोकांची स्मृती राखतात. त्या भिंतींजवळ गेल्यावर ही गोष्ट आठवावी एवढं मनापासून वाटतं.

पलीकडच्या काठावरची बाकलांडेटची छोटी घरं कशी वाचली?

ती वाचली कारण तिथले लोक हटले नाहीत. बाकलांडेट ही कामगारांची, कष्टकऱ्यांची वस्ती. १९६० च्या दशकातल्या वाहतूक आराखड्यात तिच्यातून रुंद मोटाररस्ता जायचा होता, आणि घरं पडायला टेकली आहेत असं कारण पुढे केलं जात होतं. रहिवासी, विद्यार्थी आणि वास्तुरचनाकार एकत्र आले, घरं दुरुस्त करत राहिले, आंदोलन चालू ठेवलं, आणि १९८० च्या दशकात आराखडा मागे पडला. आता तिथे चढावर सायकलस्वाराला पायाखालून ढकलत नेणारी लिफ्टसुद्धा आहे, १९९३ पासून.

राजांचे राज्याभिषेक इथेच होतात का?

आता राज्याभिषेक होत नाही, आशीर्वाद-विधी होतो. १८१४ च्या राज्यघटनेनं अभिषेकासाठी ट्रॉनहाइम ठरवलं, १८१८ मध्ये कार्ल योहानचा झाला, १९०६ मध्ये हाकोन सातवा आणि राणी मोड यांचा शेवटचा. नंतर ती तरतूद गेली. १९५८ आणि १९९१ मध्ये राजांनी इथे येऊन आशीर्वाद घेतला.

नदीत आता काही चालतं का, की नुसतं बघायची?

जहाजं नाहीत, पण सॅल्मन मासा आहे. समुद्रातून चढून आलेला मासा नेद्रे लाइरफोस धबधब्यापर्यंत जातो. तिथून पुढे वाट बंद. हंगामात भर शहरात, कॅथेड्रलच्या जवळच, कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभी माणसं दिसतात. वरच्या लाइरफोसवर १९०१ मध्ये वीजकेंद्र उभं राहिलं आणि त्याच वर्षी शहरात विजेची ट्राम धावू लागली.

हाताशी एकच दिवस असेल तर कसं फिरावं?

नदीच्या ओघाबरोबर खाली चला. सकाळी कॅथेड्रल आणि ओलावची विहीर, मग मागच्या बाजूनं काठावर उतरून पूल, पलीकडून बाकलांडेट, आणि तिथून समोरच्या वखारी. पुढे काठाकाठानं मुखापर्यंत, कालवा ओलांडून ब्रात्तोरा, वेळ उरला तर न्यूहाव्नाला डोरा. निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ बघून ठेवा आणि वखारींसमोर त्या वेळी पोचा. पाणी उतरलं की खांब बुंध्यापर्यंत उघडे पडतात. कुठला मूळचा, कुठला नंतर बदललेला, आणि कशावर एवढी वर्षं हे सगळं उभं आहे, ते तेव्हाच दिसतं.